काळा धूर माझा नव्हता

मी ट्रकचा डिझेलपंप बोलतोय. पैज लावा, माझ्या गोष्टीचा शेवट तुम्हाला ओळखता यायचा नाही. तुम्ही म्हणाल, लळिंगच्या घाटात गाडी उलटली असेल. नाही उलटली. म्हणाल, पंप भंगारात गेला. भंगारात गेलो असतो तर तुमच्याशी बोललो असतो का? आता गप ऐका. मला राग आलाय, आणि मला राग आला की मधे बोललेलं चालत नाही.

आधी मी कोण ते समजून घ्या. ड्रायव्हरला वाटतं, गाडी तोच चालवतो. अरे, तू नुसता पाय दाबतोस. किती डिझेल द्यायचं, कुठल्या सिलिंडरला, कुठल्या घडीला, ते मी ठरवतो. थेंब मोजून. इंजिनाचं डोकं म्हणजे मी. अन् लोक नारळ कुठे फोडतात? चाकापुढे. लिंबू-मिरची कुठे बांधतात? बंपरला. मला काय, तर हात पुसलेली चिंधी.

चोपड्याजवळच्या एका गावात दोन भाऊ होते. मोठा झुलाल, धाकटा अभिमन. बाप गेला तेव्हा मागे दोन सारखे ट्रक आणि विहिरीजवळचा केळीचा मळा राहिला. मी होतो त्या ट्रकला नवा लाल रंग, पण इंजिन थकलेलं. दुसऱ्याचा पत्रा चेपलेला, पण इंजिन नुकतंच बांधलेलं. फक्त त्याचा पंप म्हातारा. म्हणजे मी अन् ते इंजिन एका गाडीत आलो असतो तर खानदेशात आम्हाला कोणी मागे टाकलं नसतं. हे झुलालच्याही लक्षात आलं. इथेच माझं नशीब फुटलं.

शहाऐंशी साली वाटणी ठरली. आमच्याकडे रीत अशी, की मोठ्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. मोठ्याने लबाडी करू नये म्हणून. ज्याने ही रीत पाडली त्याने झुलालला पाहिलं नव्हतं.

अभिमन पाचोऱ्याला सासुरवाडीला गेला, तेवढ्यात झुलालने दोन्ही ट्रक धुळ्याला भटू मिस्त्रीकडे नेले.

"हाऊ पंप तिकडे, तो इकडे," झुलाल म्हणाला. "अन् याले असा कर, गाडीनी काळा धूर ओकना पाहिजे."

"इतला चांगला पंप शे भाऊ. कसाले?"

"एक सोयरा मांगे लागेल शे, गाडी इकत दे म्हणीसन. त्याले नही म्हणता येत नही. देखीसन पळना पाहिजे तो."

भटू हसला. सोयऱ्यांचा त्रास त्यालाही असणार. त्याने मला त्या चेपक्या ट्रकात बसवलं, माझं शिशाचं सील तोडलं, स्क्रू पिळून डिझेल वाढवलं आणि टायमिंग, म्हणजे डिझेल सोडायची घडी, मागे ओढलं. तुम्हीच सांगा, माळकरी माणसाला दारू पाजून चौकात उभं केलं तर त्याने काय करावं?

वाटणीच्या दिवशी अंगणात पंच बसले. झुलालने गाडी चालू केली आणि मी ओकलो. समोरच्या दोरीवरची धोतरं काळी झाली. एक पंच खोकत खोकत उठून गेला. मी आतून बोंबलतोय, मी असा नाही, मला असं केलंय. ऐकतो कोण?

अभिमनने लाल गाडीवर हात ठेवला. पण पोराचं तोंड उतरलं.

"भाऊ, तुले खटारा उना. माले बरं वाटत नही."

"ऱ्हाऊ दे," झुलाल म्हणाला. "मनं नशीब." अन् डोळे पुसले. खरंच पुसले.

तेव्हा त्यांची माय, भागाबाई, पंचांपुढे बोलली. "झुलालनी गाडी सुधरस तोपावत बठ्ठा मळा त्यानाच. मी बी त्यानाच घर ऱ्हासू. गाडी सुधरनी, का मळा निम्मा निम्मा, अन् मी अभिमनकडे."

झालं. मी खोकतोय तोवर अख्खा मळा झुलालचा. दुसऱ्याच दिवशी मला धुळ्याला नेऊन धड करायचं झुलालचं ठरलेलं होतं. सकाळी तो मळ्यात गेला, केळीचे घड पाहिले आणि धुळं विसरला.

चार वर्षं. चार वर्षं मी खोकलो. घाटात सायकलवाला आम्हाला मागे टाकायचा. कोणी विचारलं की झुलाल म्हणायचा, "गाडी चांगली शे, पंपच नालायक शे." नालायक. मी. मळ्याचं अर्धं उत्पन्न डिझेलमधे जळत होतं, तरी उरलेल्या अर्ध्यासाठी हा मला बरं होऊ देत नव्हता.

तिकडे अभिमनचा म्हातारा पंप महिन्यात बसला. त्याने मुकाट्याने पैसे घालून दुरुस्त करून घेतला, इंजिनाचंही काम केलं, आणि लाल गाडी धावायला लागली. लळिंगला आम्ही अडकलो की अभिमन साखळी लावून आम्हाला वर ओढायचा. माझीच जुनी गाडी मला ओढते, बघा. वर पोचल्यावर तो एकच विचारायचा, "माय कशी शे?" त्याला मळा नको होता. त्याला माय घरी यायला हवी होती.

भागाबाई रोज धुरात उभी राहून विचारायची, "सुधरनी का रे?"

"इलाजच नही व माय."

मग नव्वद सालच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अभिमन धुळ्याहून एका माणसाला घेऊन आला. पिशवीत पाने-पक्कड, कानावर विडी. भटू मिस्त्री.

"भाऊ, तुनी गाडी आज मना खर्चानी दुरुस्त," अभिमन म्हणाला.

झुलाल बॉनेटला पाठ लावून उभा राहिला. "सणना दिन कोठे हात काळा करतस? जेवा, अन् जा."

"पाव तासनं काम शे, सरका," भटू म्हणाला.

त्याने मला हात लावला आणि मी ओळखला तो हात. टायमिंग पुढे आलं. स्क्रू मागे फिरला. चालू केल्यावर चार वर्षांनी मी माझ्या आवाजात बोललो. भागाबाईने धुराच्या नळीमागे तळहात धरला, मग उन्हात उलटून पाहिला. स्वच्छ होता.

अभिमनने खिशात हात घातला. "मिस्त्री, कितला झाया?"

"पैसा कायना? एक कामना दोनदा ली नही मी. दोन्ही पंप आलटापालट करना, हाऊ बिघाडना, अन् मांगून सुधारना, बठ्ठा पैसा झुलालभाऊनी तवयच दिधा. मीच वाट देखी ऱ्हायंतू, ह्या येतस कवय." मग झुलालकडे वळून त्याने सहज विचारलं, "तो सोयरा पळना का मंग?"

भागाबाई आत गेली, आपलं गाठोडं घेऊन आली आणि अभिमनच्या गाडीत चढून बसली. चढताना तिने एवढंच विचारलं, "कितला दिधा व्हता यानी, मिस्त्री?"

मी अजून त्याच ट्रकात आहे. ठणठणीत आहे. काळा धूर सोडणारी गाडी दिसली तर माझ्या जातीला शिव्या देऊ नका, आधी मालकाच्या तोंडाकडे पाहा. निम्मा मळा अभिमनचाच होता, तो मी झुलालच्या खर्चात धरत नाही. त्याला पडलं ते एवढंच: भटूला सहाशे रुपये, अन् माय. ती अजून त्याच्या हातचं पाणी घेत नाही.