शेवाळ आणि तेल

रत्नागिरीच्या समुद्रात धम्मप्रियाच्या यंत्राची पुरती फजिती झाली होती. नांदेडच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवता शिकवता तिनं ते बनवलं होतं. माणसाशिवाय पाण्याखाली फिरायचं, अतिनील उजेड टाकायचा आणि चमकेल ते तेल हुडकायचं, हे त्याचं काम. तळाशी बुडालेल्या एका जुन्या जहाजातून तेल झिरपतंय, असा मच्छीमारांना संशय होता. पण यंत्र दिवसभर शेवाळाभोवतीच घिरट्या घालत राहिलं. शेवाळही चमकतं. समुद्र नसलेल्या गावात बसून समुद्राची कामं होत नसतात, असं बंदराच्या अधिकाऱ्यांनी तिला गोड शब्दांत सुनावलं.

परतल्यावर ती घरीही न थांबता भोकरला पंढरीकाकांच्या शेतावर गेली. त्यांचं शेततळं शेवाळानं हिरवंगार झालेलं असे आणि तिला तसंच पाणी हवं होतं. तळ्यात मासे सोडलेत, तेलाचा थेंब सांडायचा नाही, एवढी एकच अट काकांनी घातली. तिनं डिझेल काचेच्या नळीत घट्ट बंद केलं आणि नळी बांबूला बांधून पाण्यात सोडली.

यंत्र पुन्हा शेवाळाकडेच गेलं. पण आता तिला फरक दिसला. शेवाळ तांबडं चमकत होतं, तेल निळसर. दोन्ही रंग वेगळे ओळखणारा आणखी एक डोळा तिनं यंत्राला बसवला. ते पाण्यात गेलं आणि वर आलंच नाही. पाणी मुरू नये म्हणून तळ्याला अंथरलेल्या प्लास्टिकच्या घडीत अडकलं होतं.

"ऱ्हाऊ दे बाई," काका म्हणाले. "ह्या प्लास्टिकवर पाय ठरत न्हाई. गेल्या साली म्हैस गेली इथं."

"दोर धरा काका. मी उतरायलेय खाली."

काकांनी दोराचा एक वेढा कडुलिंबाच्या बुंध्याला दिला आणि टोक तिच्या कमरेला बांधलं. मागे त्यांची बायको सरजाकाकूही दोर धरून उभी राहिली. पहिल्या बुडीत धम्मप्रियाच्या हाती नुसता गाळ आला. दुसऱ्या बुडीत यंत्राचा पंखा लागला. ती वर आली तेव्हा काकू तिचे केस पुसता पुसता बोलतच होती, आणि ती मात्र यंत्रात पाणी शिरलंय का ते बघत होती.

संध्याकाळी यंत्र पुन्हा सोडलं. ते शेवाळातून न थांबता पार झालं आणि नळीपाशी जाऊन घुटमळलं.

"वळखलं की गं त्यानं," काका हळूच म्हणाले.

खूप विनवण्यांनंतर तिला समुद्रावर एक दिवस मिळाला. वरून पाणी नितळ होतं. यंत्र खोल गेलं, बऱ्याच वेळानं वर आलं. त्यानं टिपलेली निळी रेघ जहाजाच्या मधल्या टाकीपाशी गडद होत गेली होती. तिथंच पाणबुडे उतरवा, असं तिनं सांगितलं. त्यांना टाकीला गेलेली भेग सापडली. काळं तेल धाग्यासारखं बाहेर येत होतं.

भेग बुजवायची तयारी सुरू झाली तसे अधिकारी तिचं अभिनंदन करायला आले.

"आज अर्धंच जहाज पाहून झालंय," ती म्हणाली. "उरलेलं उद्या बघू."

आणि तिनं बॅटरी चार्जिंगला लावली.