सहाव्याचा घोट

अकुग्री म्हाताऱ्याला मातीआड करून चौदा महिने झाले होते आणि आज त्याचं शेवटचं कार्य होतं. ज्वारी घरात आली होती, वाऱ्याबरोबर लाल धूळ उडत होती, ढोलवाले सकाळीच येऊन कडुनिंबाखाली ऐसपैस पसरले होते. आणि म्हाताऱ्याच्या थोरल्या सुनेच्या, लारिबाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. लोकांना वाटलं, सासऱ्याची आठवण येत असेल बिचारीला. लोकांचं काय, त्यांना नेहमी चांगलंच वाटतं.

रीत अशी की कार्याच्या दिवशी थोरल्या सुनेने मेलेल्याचे कपडे चढवायचे आणि दिवस मावळेपर्यंत तोच होऊन वावरायचं. त्याच्यासारखं चालायचं, त्याच्यासारखं खाकरायचं, त्याच्या ठेवणीतल्या शिव्या द्यायच्या. त्या कपड्यांत असेपर्यंत तिच्या तोंडून जे निघेल ते त्याचं बोलणं. पोरं तिला "आजोबा, तंबाखू देऊ का?" म्हणून छळणार आणि म्हाताऱ्या बायका हसता हसता डोळे पुसणार. इतर घरच्या सुनांना फाटका सदरा आणि कुदळ एवढ्यावर भागवावं लागे. लारिबाचा सासरा गोऱ्यांच्या पलटणीतून समुद्रापार जाऊन ब्रह्मदेशात जपान्यांशी लढून आलेला शिपाई होता. तिच्यासाठी पत्र्याची अख्खी पेटी होती.

नणंदेने, तलाताने, पेटी उघडली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. लांब खाकी कोट, रुंद काठाची टोपी, तीन पदकं, पाण्याची बाटली. कोटाच्या घड्यांत कडुनिंबाचा पाला, पदकं राखेने घासून लख्ख.

"बघा गं बघा!" तलाताने बायकांना हाक मारली. "साठ वर्षांचा कोट, पण एक बटण तुटलेलं नाही. आमच्या घरी असता तर उंदरांनी त्यात तीनदा बाळंतपणं उरकली असती. वहिनी, तू होतीस म्हणून हे राहिलं हो."

"असू दे, वन्सं," लारिबा म्हणाली आणि तोंड चुकवून चुलीकडे गेली.

खाई त्याला खवखवे. वस्तू तिने जपल्या होत्या, त्यात खोटं काही नव्हतं. पण म्हाताऱ्याने तिला जपायला दिलेली खरी ठेव पेटीत नव्हतीच. ती होती सात नावं.

लारिबा ज्वारीची दारू गाळून बाजारात विकायची. दर तिसऱ्या दिवशी बाजार. मडकी गाडीत चढवण्याआधी दारूने भरलेला पहिला भोपळा, वाळवून कोरलेली ती वाटी, सासऱ्याच्या हातात द्यायचा, हा नेम. म्हातारा उभा राही, टाचा जुळवी आणि एकेक नाव घेऊन एकेक घोट जमिनीवर सांडी. त्याच्या तुकडीतले सातजण एका नदीकाठी एकाच सकाळी गेले होते. त्या नदीचं नाव उच्चारायला त्याला कधी जमलं नाही, पण नावं जमत. अतुबिगा, महामा, सेयदू, अकोल्गो, बुकारी, मग सहावा, मग अवुनी. सात घोट सांडून झाले की उरलेलं स्वतः पिई.

"सूनबाई, पाठ कर," तो म्हणे. "मी गेल्यावर माझ्या कोटात तू उभी राहणार. तेव्हा ह्यांना तहानलेलं ठेवू नकोस."

"हो बाबा," ती म्हणे आणि डोक्यात हिशेब चाले की आज कुठलं मडकं पुढे ठेवायचं. सव्वीस वर्षं म्हातारा सांगत राहिला, पालथ्या घड्यावर पाणी. एकदा शाळामास्तरांनी नावं कागदावर उतरवून दिली होती, तो कागद वाळवीने खाल्ला. म्हातारा उलट खूशच झाला. म्हणाला, "कागदाला वाळवी लागते, तोंडाला लागत नाही."

पण त्याच्या तोंडालाही लागली. तो जाण्याच्या आदल्या वर्षी, एका बाजाराच्या सकाळी, पाच नावं झाली आणि तो थांबला. बाहेर गाडीवाला अनाबा भोंग्यावर हात ठेवून बसला होता, बाकीच्या बायका केव्हाच चढल्या होत्या.

"सूनबाई, सहावा कोण गं?"

लारिबाने आठवून पाहिलं. डोक्यात काही नव्हतं. सव्वीस वर्षं कानावर पडलेलं नाव, आणि तिथे नुसता भोंगा वाजत होता.

"अनाबा," ती म्हणाली.

वेळ मारून नेली, एवढंच. संध्याकाळी येऊन शांतपणे विचारू, त्याला आपोआप आठवेल, असं तिला वाटलं. पण म्हाताऱ्याचा चेहरा असा काही उजळला, की जन्मभर विसरायची नाही ती. "अनाबा! अरे माझ्या दैवा, अनाबाला विसरलो मी!" म्हणून तो रडला. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "तू आहेस म्हणून बरं." त्यानंतर मरेपर्यंत दर बाजाराला त्याने सहावा घोट अनाबाच्या नावाने सांडला. खरा सहावा त्या नदीकाठी कोरडाच राहिला. तिने दहादा सांगायचं ठरवलं आणि दहादा पुढच्या बाजारावर ढकललं. मग म्हातारा गेला आणि सांगायला कोणी उरलं नाही.

ह्या सगळ्यावर तिने पांघरूण घातलंही असतं. ढोलांच्या गोंगाटात सहा नावं घ्यायची की सात, कोण मोजतंय? सात होती एवढंच गावाला ठाऊक. सख्ख्या लेकीला, तलाताला, पहिल्या दोनांपुढे एक येत नव्हतं. पण सकाळीच नांगोडी गावाकडून एक बाई चालत आली. साठी उलटलेली, काटकुळी, डोक्यावर गिनी कोंबडीची टोपली.

"मी अबानपोका," ती म्हणाली. "थोरली सून तूच ना? आज तू त्याच्या कोटात उभी राहणार ना?"

"हो, मावशी. बसा, पाणी घ्या."

"पाणी नंतर. माझा बाप तुझ्या सासऱ्याबरोबर गेला होता. मी पोटात होते. परत काहीच आलं नाही गं, ना केस, ना नख, ना चिंधी. काही हातात नसताना कार्य कसं करायचं, म्हणून आजवर केलं नाही. आमच्या गावच्या एका माणसाने फार पूर्वी तुझ्या सासऱ्याला नावं घेताना ऐकलं होतं. सहावं माझ्या बापाचं, म्हणाला. तो माणूसही गेला. आता आमचे जाणते म्हणतात, ज्याने मरताना पाहिलं त्याच्या तोंडून, त्याच्या कार्यात, नाव निघालं तर तेवढ्यावर कार्य करता येईल. म्हणून आले."

"नाव काय त्यांचं?" लारिबाने विचारलं. विचारताना तिला स्वतःचीच लाज वाटली, कारण नाव कळलं की काम भागणार होतं.

अबानपोका हसली. तोंडात मोजके दात होते, पण अक्कल सगळी जागेवर होती. "नाही सांगायची. मी सांगितलं की तू म्हणशील, हो, तेच. आजवर मी ज्याला ज्याला सांगितलं, तो तो हो म्हणाला. सरकारी साहेब हो म्हणाला, पाद्री हो म्हणाला. मला हो नको. मला ते त्याच्या तोंडून आलेलं ऐकायचंय."

दुपार कलली तसे ढोल घुमू लागले. लारिबा कोट घालून अंगणात आली. डावी टाच आपटत, हनुवटी वर, तोच म्हातारा चालत होता. तिने पोरांना रांगेत उभं केलं, एकाच्या पोटात बोट खुपसून ओरडली, "हे पोट आहे की मडकं? आत घे!" हशा पिकला. तलाता हसली आणि मग पदरात तोंड घालून हुंदके देऊ लागली. लारिबाला वाटलं, हे असंच चालू राहावं, भोपळा कोणी आणूच नये.

भोपळा आला. तिने टाचा जुळवल्या.

"अतुबिगा!" घोट सांडला. महामा. सेयदू. अकोल्गो. बुकारी.

पुढच्या रांगेत अबानपोका पुढे झुकून बसली होती, हाताचा पंजा कानामागे धरून. तिच्या शेजारीच गाडीवाला अनाबा तिसरा भोपळा संपवत होता. त्याचं नाव लारिबाच्या ओठांवर येऊन थांबलं. त्या बाईच्या कानात ते ओतायचं धाडस तिला झालं नाही. आणि मग कोटानेच तिला वाट दाखवली.

"सहावा..." ती म्हाताऱ्याच्या खरखरीत आवाजात म्हणाली, "सहाव्याचं नाव मी विसरलो! मेलेल्या माणसाने किती लक्षात ठेवायचं रे?"

लोक पोट धरून हसले. ढोलवाल्यांनी थाप दिली. त्या गडबडीत तिने अवुनीचा घोट सांडला. सुटले, असं वाटलं तिला, क्षणभर खरंच वाटलं.

अबानपोका उठली. सरळ कोटासमोर येऊन उभी राहिली.

"साठ वर्षं दर बाजाराला आठवण काढलीस म्हणतात," ती त्या कोटाला म्हणाली, "आणि विसरायला तुला माझाच बाप सापडला? शिपाई कसला तू? मित्राला तिथे टाकून आलास आणि नावसुद्धा सांडून आलास!" आणि ती थुंकली, म्हाताऱ्याच्या पायाशी.

गलका उडाला. "अगं ए बाई, मेलेल्याचा अपमान करतेस!" "हाकला तिला!" दोघांनी तिचे दंड धरले. लारिबा गप्प राहिली असती तर तिला वेशीबाहेर काढलं असतं आणि सगळं मिटलं असतं. पण थुंकी पडली होती ती म्हाताऱ्यावर. ज्याने सव्वीस वर्षं तिला पाठ कर, पाठ कर म्हणून विनवलं, त्याच्यावर.

तिने टोपी काढली. मग कोटाची बटणं सोडायला लागली.

"वहिनी, वेड लागलं का?" तलाता किंचाळली. "दिवस मावळला नाही अजून! मध्येच कोट काढायचा म्हणजे बाबांना अर्ध्या वाटेत सोडल्यासारखं!"

"कोटात असेपर्यंत मी बोलेन ते बाबांचं होतंय, वन्सं. हे त्यांचं नाही. हे माझं आहे."

कोट तिने घडी करून नणंदेच्या हातात दिला आणि साध्या लुगड्यात अबानपोकासमोर उभी राहिली. "सोडा त्यांना. मावशी, थुंकायचं तर माझ्यावर थुंका. बाबा विसरले ते म्हातारपणाने, शेवटी शेवटी, आणि त्यांनी मला विचारलं. मला येत नव्हतं. त्यांनी दर बाजाराला सांगितलं आणि मी ऐकलंच नाही. गाडी निघाली होती, म्हणून तोंडाला आलं ते नाव सांगितलं. अनाबा, असं मीच म्हणाले."

गाडीवाला अनाबा भोपळा खाली ठेवून म्हणाला, "म्हणजे वर्षभर माझ्या नावाने... आणि मी इथे धडधाकट? तरीच माझी गाडी चढावर बंद पडते!" एरवी ह्यावर गाव लोळलं असतं. आज कोणी हसलं नाही.

"तुमच्या वडिलांचा घोट मी चोरला, मावशी," लारिबा म्हणाली. "आता नाव सांगा. कानाने ऐकलेलं आहे सव्वीस वर्षं. ऐकलं की ओळखेन मी."

अबानपोका एक पाऊल पुढे आली. "ओळखशील? ठीक आहे. पाच नावं सांगते. आमच्याच गावची. त्यातलं एक माझ्या बापाचं. तू ओळख." आणि ती सावकाश, एकेक बोट मुडपत म्हणाली, "अताम्पुग्रे. अयेल्सोमा. अडोंगो. अबिल्बा. अयामगा."

लारिबाने डोळे मिटले. ती सकाळ डोळ्यांपुढे आणली, म्हाताऱ्याच्या जुळलेल्या टाचा आणल्या, भोपळ्याचा काठ आणला. अबिल्बा म्हटल्यावर काहीतरी हललं. पण अयेल्सोमालाही हललं होतं. पाचातून एक, अंदाजाने बोट ठेवलं तर लागलंही असतं कदाचित. कोणीतरी कुजबुजलं, "सांग गं कुठलं तरी."

"नाही ओळखता येत," ती म्हणाली. आणि तेवढं म्हणताना तिला रडू फुटलं, कारण आत्तापर्यंत तिला वाटत होतं की आपण खोटं बोललो. आता कळलं की त्याहून वाईट झालं होतं. नाव तिच्यात कधी शिरलंच नव्हतं.

अबानपोकाने टोपली उचलून डोक्यावर घेतली.

"मावशी, कुठलं ते तरी सांगून जा."

"कशाला? तुला हलकं वाटावं म्हणून?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "मला माहीत आहे माझ्या बापाचं नाव. ते मला तुझ्याकडून नको होतं." आणि ती नांगोडीच्या वाटेला लागली. तिच्या बापाचं कार्य काही झालं नाही.

म्हाताऱ्याचं कार्य कसंबसं पुरं झालं. तलाताने कोट चढवून उरलेला दिवस काढला आणि महिनाभर वहिनीशी बोलली नाही.

पुढच्या बाजाराच्या सकाळी लारिबाने पहिला भोपळा स्वतः उचलला. अतुबिगा, महामा, सेयदू, अकोल्गो, बुकारी. मग अताम्पुग्रे, अयेल्सोमा, अडोंगो, अबिल्बा, अयामगा. मग अवुनी. अकरा घोट सांडल्यावर भोपळ्यात प्यायला काही उरलं नाही. अनाबाने भोंगा वाजवला, दोनदा वाजवला, आणि मग आपणहून बंद केला. चार माणसं फुकटची पीत होती, हे तिला ठाऊक होतं. पण पाचवा त्यांच्यात होता आणि त्याला चुकवायची तिची छाती नव्हती.

पावसाळा येऊन गेला. ज्वारी पुन्हा कापायला आली तेव्हा एका बाजाराच्या सकाळी अबानपोका लारिबाच्या अंगणाच्या भिंतीशी येऊन उभी राहिली. आत आली नाही. लारिबाने भोपळा उचलला. त्या पाच नावांपैकी कुठल्या नावाला त्या म्हातारीचा चेहरा हलतो, हे नुसतं मान वर करून तिला कळलं असतं.

तिने मान वर केली नाही. नावं मात्र ह्या वेळी एकेक सुटं करून, मोठ्याने घेतली.