आबांच्या मापाची सायकल

पाठीवर फटका बसला तरी गिरिजानं मान वर केली नाही. मान वर केली की दुसरा बसे. स्कूटर तिच्या सायकलच्या उजव्या अंगानं चालली होती आणि ती चालवणाऱ्या तिच्या वडिलांच्या, सुभेदार सर्जेराव निकमांच्या, डाव्या हातात सायकलच्या ट्यूबचा दुहेरी मुडपलेला तुकडा होता.

"पाठ खाली! कमरेत वाक, कमरेत!"

"आबा, सीट उंच होतेय. पाय पोचत नाही."

"पोचवायचा."

आमेरचा रस्ता सकाळच्या थंडीत मोकळा होता. दिल्लीहून नवी सायकल येऊन आठवडा झाला होता. खाली वळलेलं हँडल, अंगठ्याएवढे टायर, पाय बांधायला पेडलवर चामडी पट्टे. ती खोक्यातून निघाली तेव्हा सर्जेरावांनी क्वार्टरच्या अंगणात स्वतः तिच्यावर बसून, टाच पेडलवर टेकवून, गुडघा सरळ करून सीट लावली. ऐन उमेदीत त्यांनी पलटणीच्या संघातून शर्यती मारल्या होत्या. मग गुडघा गेला. आता राजस्थानच्या मुलींच्या संघाची निवड महिन्यावर आली होती, आणि गिरिजा त्यांच्या जेमतेम खांद्याला लागत होती.

तिच्या मांड्या सोलून निघाल्या होत्या. दर पेडलला कंबर झोका खाई, आणि झोका दिसला की ट्यूब येई. काल आईनं, मालननं, पाठीला हळद लावता लावता एवढंच म्हटलं होतं, "नीट बसत जा गं, म्हणजे मारणार नाहीत."

चढावर समोरून उंटगाडी आली. स्कूटरच्या हॉर्ननं उंट बुजला आणि रस्त्यात आडवा झाला. गिरिजानं ब्रेक दाबले, पण पट्ट्यातला पाय काही सुटेना. ती सायकलसकट डाव्या अंगावर आपटली. कोपर खडीवर घासलं गेलं, वरच्या पायाच्या पोटरीत चेनच्या चक्राचे दाते रुतले.

"अरे, छोरी को लग गई," म्हणत गाडीवान खाली उतरू लागला.

"तुम चलो! निकलो यहाँ से!" सर्जेराव गरजले. त्यानं एकदा मुलीकडे, एकदा सुभेदारांकडे पाहिलं आणि उंट हाकला.

सर्जेरावांनी आधी पुढचं चाक फिरवून पाहिलं. चाक सरळ होतं. मग त्यांनी गिरिजाची वेणी धरून तिला वर ओढलं. तिचा एक पाय अजून पट्ट्यातच होता. घोटा पिरगळला, ती किंचाळली आणि त्याच क्षणी थप्पड बसली.

"नवी कोरी सायकल पाडलीस! आरं, मला कुणी असली दिली असती तर!"

कानात शिट्टी वाजू लागली. गिरिजानं पट्टा सोडवला. लंगडत स्कूटरपाशी गेली, डिकी उघडली आणि त्यातून पाना काढला.

सर्जेराव एक पाऊल मागे सरले. ते मागे सरले, हे तिनं पाहिलं.

पण ती सायकलपाशी जाऊन बसली. सीटखालचा नट सैल केला, दोन्ही तळव्यांनी सीट खाली दाबली.

"हात लावू नकोस."

तिनं नट आवळायला घेतला.

"गिरिजे, हात काढ म्हणतो ना!"

ट्यूब मानेवर बसली. मग गालावर. पुन्हा हात वर गेला तेव्हा गिरिजानं बसल्या जागेवरून पाना फिरवला. तो मनगटावर लागला. आवाज फार मोठा झाला नाही. ट्यूब रस्त्यावर पडली आणि सर्जेराव हात पोटाशी धरून धुळीत खाली बसले.

गिरिजाचा हात पुन्हा वर गेलेला होता. तो खाली आणायला तिला वेळ लागला.

"आबा," ती म्हणाली, "मी टेंपो थांबवते."

त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

दुधाचे रिकामे कॅन घेऊन निघालेला एक टेंपो थांबला. ड्रायव्हरनं सर्जेरावांना पुढं बसवलं, स्कूटर चहाच्या टपरीवर ठेवून दिली. गिरिजा टेंपोत बसली नाही. सीटचा नट आवळून मागोमाग सायकलवर निघाली. घोटा ठणकत होता, पण कंबर हलत नव्हती. पाय पेडलच्या तळापर्यंत पोचत होता. उतारावर वारा अंगावर आला आणि आपल्याला बरं वाटतंय हे तिच्या ध्यानात आलं. केबिनच्या मागच्या काचेआड आबांची मान टेंपोच्या दर धक्क्याला वाकडी होत होती. आणि तरी बरं वाटत होतं. त्याची तिला भीती वाटली.

लष्करी इस्पितळात डॉक्टर मेजर बाई होत्या. त्यांनी सुजलेलं मनगट हलक्या हातानं उलटंपालटं केलं.

"कैसे हुआ, साहब?"

"साइकिल से गिर गया."

बाई लिहू लागल्या.

"गिरे नहीं," गिरिजा म्हणाली. "मैंने मारा. पाने से."

बाईंचं पेन थांबलं.

"गप बस," सर्जेराव मराठीत म्हणाले. आवाज चढला नव्हता. विनवणी केल्यासारखा होता, आणि तसा तो गिरिजानं आजवर ऐकला नव्हता.

मेजर बाईंनी तिच्याकडे पाहिलं. गालावरचा वळ, खरचटलेलं कोपर, सलवारीवर पोटरीपाशी वाळलेलं रक्त. का मारलंस, असं त्यांनी विचारलं नाही.

"साहब, एक्स-रे के लिए चलिए. अर्दली ले जाएगा."

"लड़की मेरे साथ आएगी."

"लड़की यहीं रहेगी."

सर्जेराव सवयीनं ताठ झाले. मेजरचा हुकूम होता. दारात ते क्षणभर घोटाळले, मागे वळून पाहिलं नाही, आणि गेले.

बाईंनी दार लावून घेतलं.

"अब बताओ."

गिरिजानं तोंड उघडलं. कुठून सुरुवात करावी, तिला कळेना. मग तिनं डॉक्टरांकडे पाठ केली आणि दोन्ही हातांनी स्वेटर वर घेतला.