आजींची अरबी कोणती?

परदेशातल्या त्या इस्पितळात व्यायाम करून घेणाऱ्या मराठी फिजिओथेरपिस्ट बाईंना सगळा वॉर्ड ताई म्हणायचा, आणि ताईंचं घोडं अडलं होतं खिडकीजवळच्या खाटेवरच्या आजींपाशी. आजींच्या खुब्याचं ऑपरेशन झकास झालेलं. चालायला काही हरकत नाही, असं डॉक्टर सांगून थकले. पण आजी पाय खाली सोडायच्या आणि तिथेच थांबायच्या. पुन्हा पडू या भीतीने त्यांचा जीव अर्धा झाला होता. धीर द्यावा, तर त्यांना अरबीशिवाय काही कळेना. लेक यायची संध्याकाळी, तेव्हा ताईंची ड्यूटी संपलेली असे. त्यात डॉक्टरांनी सांगून टाकलं, की या आठवड्यात दारापर्यंत चालल्या तर लेकीच्या घरी, नाहीतर थेट वृद्धाश्रमात. लेक फोनवर रडली, आणि ताईंच्या मनाला ते फार लागलं.

"मी अरबी शिकते," ताईंनी घरी जाहीर केलं.

"आधी माझ्या आईशी मराठीत गोड बोलायला शीक," नवरा म्हणाला, "मग अरबीचं बघू."

नवऱ्याचं कोण ऐकतंय? मोबाइलवरच्या अ‍ॅपने ताईंना बातम्यांतली, ग्रंथांतली अरबी शिकवली. ती त्यांनी अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला ऐकवली, तर तो पोट धरून हसला. म्हणजे आपल्याकडे कुणी पेशंटपाशी येऊन 'हे वृद्धे, उत्तिष्ठ' म्हणावं, तशातली गत. ड्रायव्हर इजिप्तचा. तो म्हणाला, "आमची बोली शिका. आमचे सिनेमे सगळे बघतात, सगळ्यांना कळते."

गल्लीतला बेकरीवाला सीरियाचा. त्याने नाक मुरडलं. "त्याचं काय ऐकता? गोडवा आमच्या बोलीत."

ताईंनी दोघांना 'आत्ता' हा साधा शब्द विचारला. ड्रायव्हर म्हणे 'दिलवाती', बेकरीवाला म्हणे 'हल्ला'.

"आता 'हल्ला' म्हणून पेशंटला उठवू का मी?" ताई वैतागल्या. अहो, आपल्याकडेही बारा कोसांवर भाषा बदलते, मग एवढ्या मोठ्या मुलखात का नाही बदलणार? शेवटी त्यांनी बेकरीवाल्याची बोली धरली, कारण तो शिकवता शिकवता हातावर गरम पाव ठेवायचा. आजींची स्वतःची बोली कुठली, हे विचारायचं मात्र साफ राहून गेलं. लेक 'अरबी' म्हणाली होती, ताईंनी अरबी शिकायला घेतली. आहे की नाही शहाणपण?

बेकरीवाल्याने एक हमखास वाक्य दिलं. कष्ट करणाऱ्या बाईला म्हणायचं, 'यातिकी अल आफिया'. म्हणजे देव तुला बळ देवो. ताईंनी ते भांडी घासताना घोकलं, बसमध्ये घोकलं.

आठवड्याचा शेवटचा दिवस उजाडला. ताईंनी आजींच्या कमरेला आधाराचा पट्टा बांधला, वॉकर पुढे ठेवला, छान हसल्या आणि तोंड उघडलं. वाक्याची सुरुवात गायब. हातात उरला एकच शब्द.

"आफिया," ताई म्हणाल्या.

आजींनी चमकून वर पाहिलं. "आफिया?"

कळलं यांना, म्हणून ताईंना हुरूप आला. "आफिया, आफिया," त्या मोठ्याने म्हणाल्या. आधी आजींच्या पायांकडे बोट दाखवलं, मग दाराकडे.

आजींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी वॉकर गच्च धरला आणि उठल्या. उठल्या त्या चालायलाच लागल्या. ताई पट्टा धरून मागे, तोंडाने 'आफिया, आफिया' चालूच. त्यांना वाटलं, केवढी ही शब्दाची ताकद.

त्या दिवशी रजा काढून आलेली लेक दारातच भेटली. आजी तिला दंडाने बाहेर ओढू लागल्या. लेक गोंधळली. "ताई, काय सांगितलंत तुम्ही हिला?"

"देव बळ देवो, दुसरं काय? आफिया."

लेक भिंतीला टेकली आणि हसू आवरेना तिला. "अहो, आम्ही मोरोक्कोचे. आमच्यात आफिया म्हणजे आग."

ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या घाबरलेल्या म्हातारीच्या मागे त्या आग आग करत धावल्या होत्या. त्यांनी हात जोडले. लेकीने आईला सगळं समजावलं. आजींनी वॉर्डभर नजर फिरवली. धूर नव्हता. खाट पार तिकडे खिडकीशी होती आणि आपण इकडे दारात उभ्या. त्या बराच वेळ खाटेकडे बघत राहिल्या, मग ताईंकडे बघून काहीतरी पुटपुटल्या.

लेक हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते. "म्हणतेय, परतही चालतच जाते. फक्त तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

ताईंनी पट्टा धरला आणि ओठ घट्ट मिटले. आजी वळल्या, आणि या वेळी मागे काहीच जळत नसताना, आपल्या मर्जीने, खाटेपर्यंत चालत गेल्या.