टोपलीखालचं पीठ

दुसरी मोठी लढाई संपली त्या साली पौषात अशी थंडी पडली, का आमचे शेवंतीचे वाफे काळे पडले. माळ्याच्या घरातली फुलं गेली म्हणजे काय राह्यलं? अन् आमचे मालक, मास्तर, पाहा, आभाळाले डोळे लावून! तेल्हाऱ्याच्या शाळेत शिकवत. अकोल्याहून एक जुनी पितळी दुर्बीण आणली होती. शनीच्या मोठ्या चंद्रावर हवा सापडली, असं मासिकात वाचल्यापासून त्याईले दुसरं काही सुचत नव्हतं.

मी दळत असली का बाजूले येऊन बसत. "बाकीचे चंद्र बर्फाचे असतीन. हवा असलीच तर इतकी विरळ, का तिनं कणही हलणार नाई. रात्री गोठून खाली बसत असन, या जात्याभोवतीच्या पिठावानी. ऊन पडलं का पुन्हा उठत असन."

"अन् आपली शेवंती? तीही उठन का उन्हानं?"

ते नुसते हसले. माह्या अंगाचा तिळपापड झाला. त्या रात्री ते दुर्बीण घेऊन ओट्यावर गेले, अन् मी आतून कडी लावली. त्याईनं दोनदा दार वाजवलं. म्हटलं, निजा आता तुमच्या चंद्रावर. पहाटे उघडलं तं भिंतीशी आखडून बसलेले. आठव्या दिवशी छाती भरून गेले.

जिथं जीव सोडला तिथं माह्या सासूनं, पार्बताबाईनं, पीठ पसरलं, दिवा ठेवला, वर टोपली झाकली. गेलेला ज्या जन्मात जाते त्याचं पाऊल पिठात उमटते म्हणतात. मले जन्म नव्हता पाह्यचा. मले माफ केलं का नाई, तेवढंच पाह्यचं होतं.

कोणी उठाच्या आत मी टोपली उचलली. पीठ सपाट. कण हलला नव्हता. वाटलं, हे इथंच गोठून बसले, उन्हाची वाट पाहून राहिले. मले हुंदका फुटला, अन् माह्याच श्वासानं पिठात खळगा पडला. घाबरून टोपली तशीच झाकली.

उजाडल्यावर सासूनं तो खळगा पाह्यला. "आला होता वं माहा देवीदास!"

मंग ती रोज संध्याकाळी ओट्यावर त्याईची वाकळ अंथरे. सकाळी दवानं ओली झालेली वाकळ चाचपे अन् म्हणे, "इथंच निजला होता." पंधरा दिवस मी हे पाह्यलं. मंग नाई राहवलं.

"आत्याबाई, तो खळगा माह्या श्वासाचा होता. कोणी आलं नव्हतं. अन् त्या रात्री कडी मीच लावली होती."

ती वाकळ झटकत राह्यली.

"ठाऊक हाये. दोनदा वाजवलं त्यानं. मी जागीच होती. म्हटलं, बायको उठन त्याची, मी कावून उठू एवढ्या थंडीत?"

वाकळीचं दुसरं टोक तिनं माह्या हाती दिलं. त्या दिवसापासून अंथराले आमी दोघी असतो.