बोटांनी वाचलेली गाणी

अर्जुनी मोरगावच्या बसस्टँडसमोर प्रेमिलाचं टायपिंगचं दुकान. सोमवारी सकाळी शांतीबाई आल्या आणि पदराच्या गाठीतून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला.

"नातू म्हणते, फाईल खराब झाली, डिलीट करतो. मी म्हटलं, हात तर लावून पाह्य!"

फाईल डोमनलाल गुरुजींची. गुरुजी म्हणजे शांतीबाईंचे यजमान. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. निवृत्तीनंतर ते याच दुकानात प्रेमिलाकडून टायपिंग शिकले आणि बायकोच्या तोंडची पवारी बोलीतली लग्नगीतं त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवली. येत्या गुरुवारी नातीची, रविताची हळद. ही गाणी येणाऱ्या साऱ्या म्हाताऱ्या एकेक करून गेल्या. उरल्या शांतीबाई, आणि त्याही मागच्या महिन्यात दिराकडच्या हळदीत दुसऱ्याच कडव्यावर अडल्या. बायका मोबाईलवर गाणं लावून मोकळ्या झाल्या. ते शांतीबाईंच्या जिव्हारी लागलं होतं.

प्रेमिलानं फाईल उघडली. पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम; अर्थ म्हणून लागेना. "हाच फॉन्ट घ्या गुरुजी, जन्मभर चालते," असं छातीठोकपणे तिनंच तर सांगितलं होतं.

"गेलं काय सारं?" शांतीबाईंचा आवाज बारीक झाला.

"नाही काकू. कॉम्प्युटरले अक्षर कळतच नाही, नुसता नंबर कळते. आपला जुना फॉन्ट इंग्रजीच्याच नंबरावर मराठी अक्षर काढून दाखवे. नव्या मशीनीत तो नाही, म्हणून ते इंग्रजी दाखवून राहिली. आता मराठीले स्वतःचे नंबर आहेत."

"मंग बदल ना नंबर. बसली काऊन?"

नंबर बदलून देणारं सॉफ्टवेअर नेटवर होतं. पण त्यानं जोडाक्षरं तोडली आणि वेलांट्या भलत्याच अक्षरांवर नेऊन ठेवल्या. वैतागून प्रेमिला मूळ फाईलकडे परतली. पहिलीच तीन अक्षरं: जे, के, ई. तिची बोटं आपसूक हलली आणि ती थबकली. हे तर राम!

गुरुजींनी दाबलेली बटणंच समोर उभी होती, एकामागून एक. वीस वर्षं प्रेमिला त्याच बटणांवर मराठी टाईप करत आलेली. डोळ्यांना न कळणारं बोटांना तोंडपाठ होतं. नव्या नंबरांच्या मराठीतही तिनं बटणांची जुनीच मांडणी ठेवली होती. मग काय, समोर बघायचं आणि गुरुजींनी दाबलं तेच दाबत जायचं. ओळी उमटू लागल्या.

तीन दिवस दुकानात दुसरं काम नाही. झेरॉक्सवाली गिऱ्हाइकं ताटकळली, चिडली, मग गाणी ऐकत उभी राहिली. प्रेमिला ओळ वाचायची, शांतीबाई ती उचलून गायच्या.

"काकू, मधेमधे गुरुजींनी कंसात काही लिहून ठेवलं हो."

"वाच."

"'इथं शांती थांबली. भात उतू गेला.'"

"गेलता!" शांतीबाई हसल्या. "पण माह्याकडं पाहेत नाही कधी. मी गाऊन राहिली आन् हे बटनं शोधून राहिले. मले वाटे, भिंतीलेच गाऊन राहिली."

अडलेलं गाणं नेमकं शेवटी निघालं. बुधवारी दुपारी ते उतरलं आणि शांतीबाईंनी एकदाही न अडखळता पुरं म्हटलं. उद्याची काळजी मिटली. प्रेमिलालाच रडू आलं. खाली आणखी एक कंस होता. तो टाईप करता करता तिची बोटं मंदावली.

"'हे गाणं शांतीला तीनदा म्हणायला लावलं. लिहून पहिल्याच वेळी झालं होतं.'"

शांतीबाईंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"पुन्हा वाच," त्या म्हणाल्या.

प्रेमिलानं वाचलं.

"आणखी एक डाव. नीट आयकू नाही आलं."

पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. प्रेमिलानं तिसऱ्यांदा वाचलं.