गप्प छप्पर

“गप्प…” हे म्हणाले.

लिंबाएवढ्या गारा छपरावर आपटत होत्या, आणि या माणसाला माझं तोंड बंद करायचं सुचत होतं!

“मरणाच्या वाऱ्यात तुम्हाला माझाच आवाज टोचतो होय?” असं म्हणून मी तणतणत खिडकीच्या फटीत फडकी कोंबायला गेले.

भर दुपारी अंधारून आलं होतं. अख्ख्या गल्लीची वीज गेलेली. ह्यांच्या उशाशी ऑक्सिजनचं मशीन तेवढं चालू होतं, तेही छपराच्या जिवावर. आमच्या घरावर सोलरची कौलं आहेत. काळी, चपटी, काचेची. लेकानं स्वतःच्या हातानं घातलेली. ती ऊन खातात आणि बॅटरी भरतात. फुटून पाणी आत आलं असतं, तर तारा जळाल्या असत्या. मशीन बंद, की ह्यांचा श्वासही बंद.

ह्यांनी जन्मभर मातीची कौलं घातली. त्या धुळीनंच छाती पोखरली. लेक सोलरच्या कामाला लागला तेव्हा म्हणाले, “गारांखाली काच? त्यापेक्षा आरसे वीक, निदान स्वतःचं तोंड तरी दिसेल!” लेकानं ह्यांचं जुनं छप्पर उतरवलं न् हे चढवलं. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं औषधापाण्यापुरतं.

कामाला चांगलं म्हणायची ह्यांची रीतच नव्हती. वादळ आलं की आपण शाकारलेल्या घरात जाऊन डोळे मिटून ऐकत उभे राहायचे. कौल खडखडलं नाही, खिळा कुरकुरला नाही, तर म्हणायचे, “गप्प आहे.” बस्स. तेवढ्यावर हाताखालची माणसं महिनाभर छाती काढून फिरायची. लेकाच्या वाट्याला तो शब्द कधी आला नाही.

फडकी कोंबून आले, तर हे डोळे मिटून पडलेले. नाकात नळी, मशीन घरघरतंय. रुसले असतील, म्हटलं. रुसू देत. चहा केला, उशाशी ठेवला. चहावर साय धरली तरी हात पुढे येईना, तेव्हा कळलं.

लेक चिंब भिजून आला तो दारातूनच शिडी लावून वर. उतरल्यावर म्हणाला, “आई, कडेचं एक कौल तडकलंय. बाकी सगळी धड आहेत. बाबांना सांग.”

“तूच सांग,” मी म्हटलं.

तेव्हा कुठे त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं.

बापाच्या पायाशी जाऊन बसला. विचारलं, “काही म्हणाले?”

“काय म्हणणार? मला गप्प म्हणाले. जातानासुद्धा.”

“तू काय बोलत होतीस?”

सांगायला तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं. गारा सुरू झाल्यापासून हे ‘गप्प’ म्हणेपर्यंत मी भिंत धरून उभी होते. भीतीनं जीभ टाळ्याला चिकटलेली.

“काहीच नाही रे,” मी म्हटलं. “जन्मात पहिल्यांदा.”

लेकानं वर छपराकडे बघितलं. मग ह्यांचे तळपाय दोन्ही हातांत घेतले आणि त्यावर कपाळ टेकलं. पाठ हलत होती, आवाज नव्हता.

मी मशीन बंद करायला उठले.

“राहू दे, आई,” तो म्हणाला. “चालतंय तोवर चालू दे.”

मी हात मागे घेतला.